हुंकाराच्या जागा

सोनटक्के सरांनी आपला मोबाइल स्पीकरला जोडला आणि नाझनीनच्या नानीचा आवाज नववी 'ब'च्या वर्गात घुमू लागला. नानी तिच्या लहानपणीच्या एका उन्हाळ्याची हकिकत सांगत होती. विहीर आटली, तळाशी एक पितळी घंटा सापडली आणि घंटा कुणाची यावरून दोन आळ्यांमध्ये भांडण जुंपलं. हकिकत चांगली होती. पण नानीच्या प्रत्येक वाक्यामागून, तिच्या दुप्पट मोठ्या आवाजात, कुणीतरी 'हं' म्हणत होतं.

"विहिरीत उतराले कोणी तयार नव्हतं."

"हं."

"मंग माह्या बापानं दोर बांधला कंबरीले."

"हं."

वर्ग आधी खुसखुसला, मग उघडपणे हसू लागला. तो 'हं' माझा होता. मुलाखतीच्या वेळी फोन मी धरला होता, आणि तो नानीपेक्षा माझ्याच तोंडाच्या जास्त जवळ होता.

"सर, नानीपेक्षा म्हैसच जास्त बोलून रायली," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. त्या दिवसापासून पुढचे काही महिने मला शाळेत प्रणिता गावंडे या नावाने फारसं कुणी ओळखलं नाही. मी 'हंबाई' झाले.

सरांनी हसणं ओसरू दिलं. ते आमच्या मूर्तिजापूरच्या शाळेत त्याच वर्षी रुजू झाले होते आणि मराठी शिकवत. धडा संपला की त्याखालच्या प्रश्नांची उत्तरं वहीत उतरवून घेण्यापेक्षा मुलांनी त्या धड्यावरून काहीतरी स्वतः बोलावं, ते ध्वनिमुद्रित करावं आणि गावाला ऐकवावं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्यासाठी 'कानगोष्ट' नावाचा पॉडकास्ट त्यांनी शाळेच्या नावाने सुरू केला. साधनं म्हणजे त्यांचा स्वतःचा मोबाइल, एक जुना लॅपटॉप आणि वाचनालयाच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या उंच उडीच्या गाद्या. गाद्यांच्या आत बसलं की आवाज घुमत नसे. तिथे मातीचा आणि जुन्या फोमचा वास यायचा, आणि बाहेरची शाळा एकाएकी फार लांब गेल्यासारखी वाटायची. शाळेमागच्या रुळांवरून मालगाडी आली की मात्र थांबावं लागे. तिच्यापुढे गाद्यांचं काही चालत नसे.

लोककथांचा धडा नुकताच संपला होता. प्रत्येक जोडीने फक्त आपल्या घरात माहीत असलेली एक गोष्ट आणायची होती. माझी जोडीदार नाझनीन, म्हणून आम्ही नानीकडे गेलो होतो.

"मुलाखत घेताना हं म्हणायचं नाही," सरांनी सांगितलं. "मान हलवायची. समोरच्याला दिसतं आपण ऐकतोय ते. पण जो पॉडकास्ट ऐकणार आहे, त्याला तुमची मान दिसत नाही आणि त्याला तुमचा हं नको आहे. त्याला गोष्ट हवी आहे. एक लक्षात ठेवा, आपला ऐकणारा आपल्याला दिसत नाही. तो अंधारात बसलेला आहे असं समजा."

अंधारात हा शब्द त्यांनी सहज वापरला असेल. मी मात्र त्यानंतरचा तास ऐकला नाही.

दुसऱ्या खेपेला मी नानीसमोर तोंड मिटून बसले आणि मान हलवत राहिले. नानीला मोतीबिंदू होता. तिला माझी मान दिसत नव्हती. विहिरीपर्यंत येऊन ती थांबली, मग पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. शेवटी नाझनीनकडे वळून म्हणाली, "हे पोरगी झोपली का व?" नाझनीनने समजावून सांगितलं, तर नानी रागावली. हुंकारा न देता गोष्ट मागायची म्हणजे ताट न मांडता जेवायला बसवायचं, असं काहीसं ती बोलली आणि उठून नमाजाला गेली. घंटा विहिरीतच राहिली.

"आता तूच सांग काहीतरी," परतताना नाझनीन म्हणाली. "तुह्या घरी कोणी नाही का गोष्ट सांगणारं?"

"नाही," मी म्हणाले.

हे खोटं नव्हतं.

आमच्या घरी तेव्हा मी आणि आई अशा दोघीच होतो. आई बाजारपेठेतल्या साडीच्या दुकानात कामाला होती. दिवसभर इतरांसाठी पदर उलगडून दाखवायची, घड्या घालायची. घरी आली की बोलण्याचा तिला कंटाळा येई. वडील अंकलेश्वरला होते. गावातली कापसाची जिनिंग गिरणी बंद पडली तेव्हा तिथले फिटर जिकडे काम मिळेल तिकडे गेले, तसे माझे बाबा गुजरातेत गेले. मी तेव्हा दुसरीत होते. पहिल्या दोन दिवाळ्यांना ते आले. तिसऱ्या दिवाळीला आले नाहीत, तेव्हा आई मला मावशीकडे ठेवून स्वतः अंकलेश्वरला गेली. आठवडाभर राहणार म्हणून गेलेली आई तिसऱ्याच दिवशी परत आली. त्यांना काम फार आहे, एवढंच तिने सांगितलं. त्यानंतर घरात बाबांचं नाव निघेनासं झालं. त्यांची जागा गावाच्या नावाने घेतली. "अंकलेश्वरचा फोन होता," आई म्हणायची. पुढे फोनही विरळ होत गेले, आणि जे यायचे ते मी शाळेत असताना यायचे. अंकलेश्वर हे माझ्यासाठी नकाशावरचं गाव कधी नव्हतंच. ते एका माणसाचं नाव होतं, जे मोठ्याने घ्यायचं नसतं.

बाबा जायच्या आधीची, मी लहान असतानाची गोष्ट मात्र मला स्वच्छ आठवत होती. तेव्हा लोडशेडिंग असे. दिवेलागणीला लाइट जायची ती जेवणं होईपर्यंत यायची नाही. घरात कंदील एकच, तो आईजवळ चुलीपाशी. बाहेरच्या खोलीत खाटेवर बाबा आडवे झालेले आणि त्यांच्या दंडावर डोकं ठेवून मी. काहीच दिसत नसे. बाबा म्हणायचे, "हुंकारा देत जाय व माय. नाही त मी थांबतो." आणि खरंच थांबायचे. मी हं म्हणाले नाही की वाक्य अर्ध्यावर तुटायचं. "ऐकून रायली का झोपली?" उत्तर आलं नाही की ते मला उचलून आत नेत. दुसऱ्या दिवशी अंधार झाला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे.

"काल शेवटचा हं कुठी म्हटला होता?"

मी सांगायची. ते तिथून पुढे सुरू करत.

गोष्ट एकच होती, आणि ती कितीतरी महिने चालली. आमच्या गावातून कारंज्याकडे जाणारी छोट्या रुळांची शकुंतला गाडी होती. तिच्या इंजिनाची शिट्टी हरवते. शिट्टी वाजत नाही म्हणून गाडी आलेली कुणाला कळत नाही, कुणी स्टेशनवर येत नाही आणि गाडी रोज रिकामी जाते, रिकामी येते. तेव्हा रूळ बदलणारा नथ्थू सांधेवाला शिट्टी शोधायला रुळारुळाने पायी निघतो. प्रत्येक गावात त्याला कसला तरी आवाज ऐकू येतो आणि वाटतं, हीच ती. किनखेडला तो कुकर निघतो. विळेगावला जिनिंगचा भोंगा. एका गावात एक बाई रानातून नवऱ्याला हाक मारत असते. प्रत्येक संध्याकाळी एक नवं गाव, एक नवा आवाज. आणि प्रत्येक वेळी नथ्थू म्हणायचा, "हे आपली नाही. आपली पुढं असन."

हीच गोष्ट सांगायची, असं मी ठरवलं. नाझनीनला मी सांगितलं की ती माझी मीच रचली आहे. फोन धरायचं काम तिने घेतलं.

गाद्यांच्या आत बसून मी सांगू लागले. समोर नाझनीन होती, पण सरांचा नियम पाळून तिने तोंडावर हात दाबून धरला होता. मी डोळे मिटले. एक वाक्य बोलले आणि थांबले. थांबायचं असं काही ठरवलं नव्हतं. गोष्ट मला ज्या चालीत आठवत होती, त्या चालीतच ते थांबणं होतं. माझ्या मनात 'हं' उमटायचा आणि मग पुढचं वाक्य यायचं. अर्ध्यात कुठेतरी एक मालगाडी आली, ती जाईपर्यंत आम्ही वाट पाहिली आणि पुन्हा सुरू केलं. पोह्याच्या, त्याच रुळांवरच्या एका गावाच्या, स्टेशनापाशी मला आठवणारी गोष्ट संपली. नथ्थू रुळाला कान लावून बसलाय, लांबून काहीतरी येतंय, आणि मी झोपलेय. तिथून पुढच्या संध्याकाळी बाबा घरात नव्हते.

"इथून पुढचं मला माहीत नाही," मी म्हणाले. "ज्यांना माहीत असेल त्यांनी कळवावं."

नाझनीनने फोन बंद केला आणि तोंडावरचा हात काढला. "रचली म्हणे तूनं. मंग तुलेच कसं माहीत नाही?"

मी गाद्या आवरू लागले. तिने पुन्हा विचारलं नाही. नाझनीनचा हा गुण मला तेव्हा कळला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांनी ते ध्वनिमुद्रण लॅपटॉपवर घेतलं. पडद्यावर आवाज दिसतो, हे मी पहिल्यांदा पाहत होते. बोललं की उंचवटे, थांबलं की सपाट रेघ. माझी गोष्ट म्हणजे एक टेकडी, एक सपाटी, एक टेकडी, एक सपाटी, अशी पडद्यावरून सरकत होती.

"सांगतेस छान," सर म्हणाले. "फक्त ह्या मोकळ्या जागा काढून टाकू."

त्यांनी पहिली सपाट रेघ निवडली. ती निळी झाली. त्यांनी कळ दाबली, आणि दोन टेकड्या एकमेकींना येऊन भिडल्या. ऐकवलं तर मी धावत असल्यासारखी बोलत होते.

"नका काढू, सर."

"अगं, एवढा वेळ काहीच ऐकू आलं नाही तर माणसाला वाटेल मोबाइल बंद पडला. तो दुसरं काहीतरी लावेल."

"नाही लावणार."

"कशावरून?"

मी फक्त म्हणाले, "ही गोष्ट अशीच असते, सर."

"सर, भूत हाय तिच्या गोष्टीत," नाझनीन मदतीला आली. "ते मधामधात बोलते. आपल्याले ऐकू नाही येत."

सर हसले नाहीत. ते माझ्याकडे पाहत होते, आणि माझे डोळे भरून आलेले त्यांना दिसले असावेत. एवढ्याशा गोष्टीसाठी डोळ्यांत पाणी यावं याची मला लाज वाटत होती. पण त्या जागा गेल्या असत्या तर ती गोष्ट ज्याच्यासाठी सांगितली होती, त्याला ती ओळखूच आली नसती. त्याला आत शिरायला वाटच राहिली नसती.

सरांनी काढलेली जागा परत घातली. "बरं. मी एकदा सलग ऐकतो. मग ठरवू." त्यांनी खुर्चीला पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले.

माझा आवाज सुरू झाला. शकुंतला गाडीच्या इंजिनाची शिट्टी एके दिवशी हरवली. मग सपाट रेघ आली.

"हं," सर म्हणाले.

त्यांचं त्यांनाच कळलं नाही. दुसऱ्या जागेतही ते हं म्हणाले, तिसऱ्या जागेत म्हणाले, आणि मग नाझनीन फिस्सकन हसली तेव्हा त्यांनी डोळे उघडले. क्षणभर ते ओशाळले. मग लॅपटॉप आपल्याकडे ओढून त्यांनी ते होतं तसं साठवून ठेवलं आणि नाव काय द्यायचं ते विचारलं. 'नथ्थूची शिट्टी', मी म्हणाले.

पालकांच्या ग्रुपवर कानगोष्टीचा नवा भाग आला की शाळेची मुलं तो घरी ऐकवायची. आईने माझा भाग ऐकला तेव्हा ती पोळ्या करत होती. मी फोन ओट्यावर ठेवला आणि दारात उभी राहिले. तिचं लाटणं मधे मधे थांबत होतं. संपल्यावर तिने विचारलं, "तुले एवढं आठवते?" मी हो म्हणाले. "भाजीले मीठ कमी हाय, वरून घेजो," ती म्हणाली.

मला काय हवं होतं ते मी तिला सांगितलं असतं तर कदाचित सोपं झालं असतं. पण अंकलेश्वर हा शब्द मी त्या घरात कधी स्वतःहून उच्चारला नव्हता. मला वाटत होतं, आता हे आकाशात सुटलंय, कुठूनही कुठेही पोहोचू शकतं. गुजरातेतला एखादा मूर्तिजापूरकर ते ऐकेल आणि दुसऱ्याला ऐकवेल. शिफ्ट संपवून बसलेल्या एका माणसाच्या कानावर पडेल, आणि तो म्हणेल, हे तर आपलंच. मग तो पुढचं सांगायला फोन करेल. फोन नाही केला तरी येईल. ती गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नव्हतीच. तिला अंधार लागत होता आणि एक दंड लागत होता.

"प्रणिता, तुझ्या भागाला प्रतिसाद आलाय," असं सर अधूनमधून सांगायचे, आणि मी हातातलं सोडून त्यांच्याकडे धावायची. एकदा कुणा बाईंनी लिहिलं होतं की त्यांचा नातू ही गोष्ट ऐकल्याशिवाय जेवत नाही. एकदा दर्यापूरच्या एका निवृत्त गार्डने कळवलं की स्टेशनांचा क्रम साफ चुकलेला आहे, किनखेडनंतर काय येतं हे ज्याला माहीत नाही त्याने रेल्वेच्या गोष्टी सांगू नयेत. सरांनी विचारलं, दुरुस्त करायचं का? मी नाही म्हणाले. चूक माझी नव्हती. बाबांनी गावं तशीच सांगितली होती, आणि त्या चुकीच्या क्रमावरूनच बाबांना आपली गोष्ट ओळखता येणार होती.

दिवाळीची सुट्टी लागली, संपली. कपाशीचे ट्रॅक्टर रस्त्याने दिसू लागले. इतर मुलांचे नवे भाग आले आणि माझा खाली गेला. मी वाट पाहणं थांबवलं असं मी स्वतःला सांगू लागले.

एका रविवारी दुपारी आई जेवायला घरी आली. तिने पर्समधून फोन काढला, काहीतरी शोधलं आणि तो माझ्यासमोर ठेवला.

"अंकलेश्वरचं हाय," ती म्हणाली. "तुह्यासाठी." आणि ताट घेऊन आत गेली.

आवाजी संदेश होता. माझ्या भागाइतकाच लांब. मी तो कानाला लावला.

आधी खरखर ऐकू आली, मग भांडं ठेवल्याचा आवाज, पंख्याची घरघर. आणि मग लांबून, दुसऱ्या खोलीतून यावा तसा, माझा स्वतःचा आवाज. शकुंतला गाडीच्या इंजिनाची शिट्टी एके दिवशी हरवली. एका फोनवर माझी गोष्ट लावली होती आणि दुसऱ्या फोनवर ते मुद्रित करत होते. हे कळायला मला थोडा वेळ लागला. दुसरा फोन कुणाचा, हे तर माझ्या मनातही आलं नाही.

माझं वाक्य संपलं. मी सोडलेली जागा आली.

"हं."

जवळून, अगदी कानापाशी. थोडा घोगरा, थोडा थकलेला, पण तोच. मी भिंतीला टेकून बसले. पुढचं वाक्य. जागा. "हं." एकही जागा त्यांनी रिकामी जाऊ दिली नाही. एकही हं माझ्या शब्दावर आला नाही. कुकर निघाला तेव्हा त्यांचा हं हसरा होता. रानातल्या बाईने नवऱ्याला हाक मारली, तिथला हं उशिरा आला, आणि फार हळू.

विळेगावच्या भोंग्यापाशी आणखी एक हं ऐकू आला. लहान, पातळ आवाजातला, त्यांच्या हंला चिकटूनच. मला वाटलं, ही मीच. त्या काळातली मी तिथे कशी पोहोचले असा प्रश्नही मला पडला नाही, इतकं ते स्वाभाविक वाटलं. बाबा हं म्हणत होते आणि त्यांच्या दंडावर डोकं ठेवून मी हं म्हणत होते, आणि गोष्टही मीच सांगत होते. मग तो लहान आवाज पुन्हा आला, आणि पुन्हा. आता दोघंही हं म्हणत होते, एका मागोमाग एक, आणि मी सोडलेल्या जागेत ते दोन्ही जेमतेम मावत होते.

नथ्थू पोह्याला पोहोचला. त्याने रुळाला कान लावला. इथून पुढचं मला माहीत नाही, माझा आवाज म्हणाला. मग पंख्याची घरघर उरली.

"माय," बाबा म्हणाले. त्यांनी घसा खाकरला. "पुढचं मले बी नाही माहीत. तू रोज झोपून जायची, म्हणून मले शेवट कधी लागलाच नाही." मग ते फोनच्या आणखी जवळ आले. "माहा शेवटचा हं इथं धरून ठेवजो."

आणि अगदी शेवटी, संदेश तुटायच्या आधी, तो लहान आवाज म्हणाला, "पछी?"

मी तो शब्द दोन-तीनदा ऐकला. मला तो लागेना. आत आई ताट घासत होती.

"आई, पछी म्हणजे काय?"

घासणं थांबलं. नळ बंद झाल्याचा आवाज आला.

"पछी म्हंजे मंग," ती म्हणाली. "तिकडे तसं म्हंतात."

ती दारात आली तेव्हा तिचे हात ओले होते आणि ती ते पुसत नव्हती. मी तिच्याकडे पाहिलं. मला काही विचारावंच लागलं नाही. तिसऱ्या दिवाळीला ती आठवड्यासाठी म्हणून गेली होती आणि लगेच परत आली होती. इतकी वर्षं तिने एक गाव नावासारखं वापरलं होतं.

"तुला ठाऊक होतं."

"हो."

"पोरगी आहे?"

"चार वर्साची असन आता. पाचची."

"आणि तरी तूच पाठवलंस माझं त्यांना?"

आई खाली बसली, माझ्यासमोर, जमिनीवरच. तिने फोन उचलून बाजूला ठेवला.

"तूनं एवढ्या जागा सोडल्या होत्या त्याच्यात," ती म्हणाली. "कोणी त हं म्हनाले पाहिजे का नाही. पहिले मीच म्हणून पाह्यलं. तू शाळेत गेली का लावायची अन् म्हणायची. दोन-तीनदा म्हटलं." तिने मान हलवली. "माह्यासाठी नव्हत्या त्या जागा."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिचा ओला हात केसांतून फिरत राहिला. त्या दिवशी ती दुकानात उशिरा गेली.

मी त्या संदेशाला उत्तर दिलं नाही. बाबांना विचारावं असं पुष्कळ होतं, आणि त्यातलं काहीही मी ऐकलेल्या त्या हंपेक्षा मोठं वाटत नव्हतं. राग यायला हवा असं मला वाटे. मी त्याची वाट पाहत असे, शाळेत जाताना, येताना. राग पुढे आला, खूप आला, कॉलेजात असताना. पण त्या हिवाळ्यात माझ्या डोक्यात एकच शब्द होता, आणि तो त्यांचा नव्हता. एक पोरगी, जिला मराठी पुरतं येत नसेल, कुणाच्या तरी दंडावर डोकं ठेवून, पोह्याच्या स्टेशनापाशी अडकून पडली होती. रुळातून काय येत होतं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिथे अडकून पडणं काय असतं, हे मला ठाऊक होतं.

नाझनीनला मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, "मंग चाल. कोणाची वाट पाहून रायली?"

सरांकडून आम्ही वाचनालयाची किल्ली घेतली. उडीच्या गाद्या पुन्हा भिंतीला उभ्या केल्या. सर दारापर्यंत आले होते. "पुढचं कळलं का शेवटी?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर. रचणार आहे."

"आणि मोकळ्या जागा?"

"राहतील."

त्यांनी मान हलवली आणि दार ओढून घेतलं. मालगाडी गेली. नाझनीनने कळ दाबली आणि तोंडावर हात धरला. मी डोळे मिटले आणि पोह्याच्या स्टेशनापासून सुरू केलं. नथ्थूने रुळावरचा कान उचलला आणि म्हणाला, हे आपली नाही, आपली पुढं असन. मग तो उठला आणि चालू लागला.

त्या भागात मी जागा थोड्या मोठ्या सोडल्या. दोघांना पुरतील एवढ्या.